‘अरे संसार संसार’ : एका ओवीचा शेतापासून पडद्यापर्यंतचा प्रवास

लग्नसराई सुरू झाली की खानदेशात एक गाणे हमखास कानावर पडते. आहेराच्या पाकिटावर, पत्रिकेच्या कोपऱ्यात, मुलीच्या पाठवणीच्या वेळी, महिला मंडळाच्या स्पर्धेत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातही ते भेटते. चुलीवरचा तवा, हाताला बसणारे चटके आणि त्यानंतर मिळणारी भाकरी हे त्याचे चित्र महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे ‘अरे संसार संसार’ हेच ते गाणे.

परंतु गाणे जितके परिचित, तितका त्याचा इतिहास परिचित आहे असे म्हणता येत नाही. अनेकांच्या मते ते लोकगीत आहे. काही जण त्याला चित्रपटगीत समजतात. कुणी त्याची भाषा अहिराणी सांगतो, तर कुणी ते नवविवाहितांना दिलेला गोड उपदेश मानतो. या प्रत्येक समजुतीत थोडे तथ्य आहे आणि थोडी गफलतही आहे. आसोदे आणि जळगावच्या शेतांत जन्मलेली ही रचना कागदावर कशी आली, छापली कशी गेली आणि तिला आजची चाल कुणी दिली, हे पाहिले म्हणजे दोन गोष्टी लक्षात येतात. हे गाणे थोडक्यात वाचले, ही पहिली. वाचताना त्याचे काही अंश वाटेत गळून पडले, ही दुसरी.

निरक्षर कवयित्री, काळी जमीन

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावलगतच्या आसोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाई. योगायोग असा की, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश जिल्ह्याविषयीचा बारावा खंड याच वर्षी प्रसिद्ध झाला. जिल्ह्यातील जमीन, पिके, बाजारपेठा आणि जातीजमाती यांची बारीक नोंद इंग्रज सरकारने त्यात केली. त्याच काळ्या जमिनीवर जन्मलेल्या या मुलीला मात्र अक्षरओळख कधीच झाली नाही. शाळेची पायरी तिने चढली नाही आणि लिहिणे-वाचणे तिला अखेरपर्यंत आले नाही.

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी तिचा विवाह झाला. ओंकार आणि सोपानदेव हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी, अशी तिची तीन अपत्ये. तिशीच्या सुमारास बहिणाबाईंना वैधव्य आले. थोरल्या ओंकारला प्लेगच्या आजारातून कायमचे अपंगत्व आले. शेती, घर आणि तीन मुले यांचा भार एकटीवर पडला. ‘अरे संसार संसार’ ऐकताना हा तपशील सहसा ध्यानात घेतला जात नाही. ज्या बाईच्या नावावर संसाराचे सर्वांत लोकप्रिय मराठी गाणे आहे, तिच्या आयुष्यातील चार दशके जोडीदाराविना गेली. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे तिचे निधन झाले, तेव्हा तिचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नव्हते.

गाणी मात्र अखंड चालू होती. पेरणी, खुरपणी, मळणी, जात्यावरचे दळण, चुलीवरचा स्वयंपाक अशा नित्याच्या कामांत ती सुचत आणि कामाबरोबरच म्हटली जात. जात्यावरच्या ओव्यांची परंपरा महाराष्ट्राच्या प्रत्येक खेड्यात होती आणि आसोदेही त्याला अपवाद नव्हते. त्या परंपरेत ओवी कुण्या एकीची नसते. एक बाई म्हणते, दुसरी तिला जोड देते, तिसरी ती माहेरी घेऊन जाते. बहिणाबाईंची रचना याच मातीतून उगवली. मात्र तिच्यावर एका व्यक्तीच्या विचाराचा स्वतंत्र ठसा आहे.

रचनेची घडण

जात्यावरची पारंपरिक ओवी बहुधा साडेतीन चरणांची असते आणि तिच्या अक्षरसंख्येला मोठी सवलत असते. ‘अरे संसार संसार’ची घडण त्याहून काटेकोर आहे. प्रत्येक चरणात आठ अक्षरे, चार चरणांचे एक कडवे आणि दुसऱ्या व चौथ्या चरणाचे यमक असा हा अष्टाक्षरी बांधा. गाण्याचे नावच मोजून पाहिले तर आठ अक्षरे भरतात. निरक्षर असलेल्या बाईने अक्षरे मोजली ती बोटांवर नव्हे, कानांवर. हात जात्याच्या खुंट्यावर असो वा खुरप्यावर, कामाला लय असते आणि त्या लयीत बसणारे माप तिने धरून ठेवले.

कवितेची मांडणी एका कोड्यासारखी आहे. संसार कशासारखा, या प्रश्नाला प्रत्येक कडव्यात नवे उत्तर मिळते. पहिले उत्तर तव्याचे. नंतर संसाराला खोटे म्हणणाऱ्याला समज दिली जाते, की देवळाच्या कळसाला कुणी पाण्याचा लोटा म्हणू नये. त्यापुढे गळ्यातल्या हाराचे आणि लोढण्याचे उदाहरण येते. लोढणे म्हणजे मोकाट पळणाऱ्या गुराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका. गळ्यात काहीतरी आहे हे खरे. त्याला हार म्हणायचे की ओंडका, हे ज्याचे त्याने ठरवावे, असा हा रोखठोक सवाल आहे.

यापुढची उदाहरणे थेट शिवारातून येतात. वेलीवरची काकडी तोंडाशी कडू, बाकी गोड. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात, पण त्याच फळाच्या पोटात गोडंबीचा ठेवा असतो. सागरगोट्याची शेंग बाहेरून काट्यांनी भरलेली, पण आत मुलींच्या खेळातले गुळगुळीत गोटे. ही उदाहरणे पुस्तकातली नाहीत. ज्याच्या हाताला बिब्बा उतला आहे आणि ज्याने सागरगोट्याची शेंग फोडली आहे, त्याचेच हे ज्ञान आहे. प्रत्येक वेळी आधी इजा आणि मग लाभ, हा क्रम कायम राहतो. इजा टाळता येईल असे आश्वासन कवयित्री कुठेही देत नाही.

बाजारपेठेची भाषा

कवितेच्या उत्तरार्धात आणखी एक शब्दसंग्रह डोकावतो आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. रोख आणि उधार, सुखदुःखाचा व्यापार, आणि शेवटी ‘इसार’ हे शब्द शेतातले कमी आणि बाजारपेठेतले अधिक आहेत. इसार म्हणजे सौदा पक्का करताना आगाऊ दिलेली रक्कम. इसार घेतला की शब्द फिरवता येत नाही.

जळगावच्या पार्श्वभूमीवर हे शब्द आश्चर्यकारक नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला विलक्षण भाव आला. त्याच सुमारास खानदेशातून रेल्वे गेली. पुढच्या काही दशकांत जळगाव हे कापसाच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. सरकी काढण्याचे जिन, गाठी बांधण्याचे प्रेस आणि कापडगिरणी शहरात उभी राहिली. शेतकऱ्याचे वर्ष पावसाबरोबरच बाजारभावावर आणि सावकाराच्या वहीवर चालू लागले. एकट्या बाईला शेती सांभाळायची तर रोख काय, उधार काय आणि इसार घेतल्यावर काय बांधले जाते, हे कळणे भाग होते.

म्हणूनच या कवितेतील संसार केवळ चुलीजवळचा नाही, तो हिशेबाचाही आहे. त्यात कधी रोखीने, कधी उधारीने सुखदुःखाची देवघेव चालते. देवाने इसार दिलेला हा सौदा आहे, तो मोडता येत नाही, आणि तरीही तोच जिवाचा आधार होतो, अशी शेवटाची दिशा आहे. हा भाव गोड उपदेशाच्या पलीकडचा आहे.

सोपानदेवांचे टिपण

बहिणाबाईंची गाणी कागदावर आली ती मुख्यतः सोपानदेवांमुळे. १९०७ साली जन्मलेले सोपानदेव चौधरी पुढे स्वतः कवी म्हणून प्रसिद्ध झाले. ‘काव्यकेतकी’ हा त्यांचा संग्रह परिचित आहे. शाळेत शिकत असताना त्यांनी घरी सावित्री-सत्यवानाची गोष्ट वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी आईने तीच गोष्ट आपल्या शब्दांत गाण्यात बांधलेली ऐकून ते चकित झाले, अशी आठवण सांगितली जाते. तेव्हापासून आईच्या तोंडून निघणारे गाणे त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेव्हा, जमेल तिथे उतरवून ठेवले.

जमेल तेव्हा, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. मुलगा जवळ असेल, हाताशी कागद असेल आणि काम थांबवून ऐकण्याइतकी सवड असेल, तेव्हाच गाणे टिपले जाई. शेतात एकटीने म्हटलेली, पहाटे जात्यावर सुचलेली आणि पुन्हा न आठवलेली गाणी किती असतील याचा हिशेब लागत नाही. आज हाती असलेली बहिणाबाईंची कविता हा मोठ्या राशीतून वाचलेला ओंजळभर दाणा आहे.

टिपणाला आणखी एक मर्यादा होती. वहीत शब्द आले, सूर आला नाही. बहिणाबाई हे गाणे कोणत्या ढाळ्यावर म्हणत, कुठे थांबत आणि कुठे आवाज चढवत, हे त्या वहीत मावण्यासारखे नव्हते.

छापखान्याविषयी बहिणाबाईंची स्वतःची एक कविता आहे. जळगावात छपाईचे यंत्र पाहून ती सुचली. कोरा कागद छापला गेला की शहाणा होतो, मग माणसाचे काय, असा मिश्कील प्रश्न त्या कवितेत आहे. आपले शब्द त्याच यंत्रातून बाहेर पडलेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

धुळ्याचे दप्तर आणि बायकांची गाणी

बोललेला शब्द उतरवून घेण्याचे महत्त्व खानदेशाला ठाऊक नव्हते, असे नाही. उलट लिखित ठेवा जपण्यात हा प्रदेश महाराष्ट्रात अग्रेसर आहे. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देव यांच्या प्रयत्नांतून रामदासी हस्तलिखितांचा संग्रह उभा राहिला. तो आज समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच निधन झाले आणि त्यांनी जमवलेल्या दप्तरांच्या जतनासाठी १९२७ च्या प्रारंभी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.

बोललेला शब्द टिपण्याचे एक थोर उदाहरणही धुळ्याचेच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. अठरा अध्यायांची ही अठरा प्रवचने साने गुरुजींनी तेथेच लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज उपलब्ध आहे. साने गुरुजी त्यापूर्वी अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. बायकांच्या ओव्यांचे मोल ओळखणाऱ्यांतही ते होते. ‘स्त्रीजीवन’ या नावाने त्यांनी ओव्यांचा संग्रह दोन भागांत प्रसिद्ध केला.

असे असूनही, ज्या दशकांत धुळ्यात पोथ्या आणि कागदपत्रे कापडात बांधून ठेवली जात होती, त्याच दशकांत जळगावच्या शेतातील बाईचे गाणे टिपण्याची व्यवस्था एका घरातील वहीपुरतीच होती. कागदावर असलेल्या शब्दाला संस्था मिळाली. तोंडी शब्दाला एक मुलगा मिळाला, तोही योगायोगाने कवी होता. हा योग जुळून आला नसता तर ‘अरे संसार संसार’ आसोदे परिसरातील काही घरांत एक-दोन पिढ्या टिकले असते आणि नंतर विरून गेले असते.

अत्रे यांचा निर्वाळा

आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य प्र. के. अत्रे यांना काहीशा संकोचानेच दाखवली. हा संकोच समजण्यासारखा आहे. सोपानदेवांची स्वतःची कविता नागर वळणाची होती. खेड्यातील बोलीत, निरक्षर बाईने रचलेली गाणी पुण्या-मुंबईच्या रसिकांना रुचतील याची खात्री कुणाला असणार? अत्रे यांनी मात्र ही गाणी अस्सल सोने असल्याचे ओळखले आणि ती महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे अपराध ठरेल, असे स्पष्ट बजावले. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले.

त्या काळी मराठी कवितेत नवकवितेची चर्चा जोरात होती. शहरी जीवनातील तुटलेपण, यंत्रयुग, मुक्तछंद यांवर वाद झडत होते. अशा वेळी एका शेतकरी बाईची, पारंपरिक मापातील आणि तरीही ताज्या प्रतिमांची कविता समोर आली. समीक्षकांनी तिचे स्वागत केले, पण सामान्य वाचकाने तिला जवळ केले ते वेगळ्या कारणाने. तिच्यातील तवा, खोपा, जाते आणि बैल त्याच्या घरचेच होते.

‘मानिनी’ आणि वसंत पवार यांची चाल

पुस्तक निघाल्यानंतर नऊ वर्षांनी या कवितेला तिचा मोठा श्रोतृवर्ग मिळाला. १९६१ साली अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेला ‘मानिनी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. महादेवशास्त्री जोशी यांच्या कथेवर तो आधारलेला होता आणि जयश्री गडकर त्याच्या नायिका होत्या. माने आणि संगीतकार वसंत पवार ही जोडी तेव्हा यशाच्या शिखरावर होती. याच जोडीचा १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला होता.

‘मानिनी’साठी बहिणाबाईंच्या कविता निवडण्यात आल्या. ‘अरे संसार संसार’ सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात आले. ‘खोपा’ ही कविताही याच चित्रपटातून घराघरांत पोहोचली. लावणीच्या ठसकेबाज चालींसाठी ख्यातनाम असलेल्या वसंत पवार यांनी येथे हात आवरता ठेवला. चाल शब्दांच्या मागे राहते, दागिने मोजके आहेत आणि अष्टाक्षरीचा मूळ ठेका कुठेही मोडत नाही. आज कुणी हे गाणे गुणगुणले तर नकळत याच चालीवर गुणगुणतो. आसोद्याच्या शेतातील ढाळा वहीत उतरला नव्हता, त्याची जागा या चालीने घेतली आणि ती इतकी चपखल बसली की बहुतेकांना तीच मूळची वाटते. पुढे यशवंत देव यांच्या संगीतात उत्तरा केळकर यांनी बहिणाबाईंची गाणी गायिली आणि त्यांनाही रसिकांची मोठी पसंती मिळाली.

चित्रपटाची वेळही जुळून आली होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले होते. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे जुने जिल्हे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले होते. नव्या राज्याच्या कानाकोपऱ्यातील प्रेक्षकाने खानदेशाकडची बोली चित्रपटगृहात आणि पुढे रेडिओवर ऐकली. ‘मले’, ‘तुले’ ही रूपे कोकणातल्या आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या श्रोत्याच्या कानाला परिचयाची झाली, त्यात या गाण्यांचा वाटा मोठा आहे.

चित्रपटगीताची मर्यादा अर्थातच वेळेची असते. मूळ कविता गीतापेक्षा लांब आहे आणि पडद्यावरील गीतात तिची निवडक कडवीच आली. तव्याचे चित्र, कळसाची समज आणि हाराचे उदाहरण लोकांच्या ओठांवर राहिले. बिब्बा, सागरगोटा, रोख-उधार आणि इसार मात्र पुस्तक उघडणाऱ्यांपुरते उरले. या निवडीमुळे गाण्याचा तोलही किंचित बदलला. हिशेबाची कडवी बाजूला पडली आणि समजुतीची कडवी पुढे आली. लग्नसमारंभात ते सहज सामावले, त्यामागे हेही एक कारण आहे.

१९८१ साली राजदत्त यांचा ‘अरे संसार संसार’ या नावाचाच चित्रपट आला. त्यातील ‘काळ्या मातीत मातीत’ हे विठ्ठल वाघ यांचे वऱ्हाडी वळणाचे गीत विशेष गाजले. त्याचे नाव मोजले तरी आठच अक्षरे भरतात आणि एका शब्दाची पुनरुक्ती करण्याची लकबही तीच आहे. शेतकरी जीवनाच्या मराठी गीताला बहिणाबाईंनी कसे वळण दिले, याची ही एक खूण मानता येईल.

बोली कोणती?

बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असा उल्लेख अनेक ठिकाणी सर्रास आढळतो. तो अचूक नाही. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या तालुक्यांतील लेवा पाटीदार समाजात बोलली जाणारी लेवा गणबोली ही बहिणाबाईंची भाषा होय. वऱ्हाडीशी तिचे जवळचे नाते आहे. अहिराणीचा मुख्य प्रदेश धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग हा आहे.

दोन्हींत साम्ये आहेत. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणणे दोन्हींकडे चालते. पण फरक चटकन जाणवतात. ‘माझा’ हे रूप लेवा बोलीत टिकून आहे, तर अहिराणीत त्याचे ‘मना’ होते. प्रमाण मराठीतील ‘आहे’साठी अहिराणीत ‘शे’ येते. लेवा बोलीत ‘ळ’चा उच्चार ‘य’ होतो. म्हणून गळ्याचा ‘गया’ आणि कळसाचा ‘कयस’ ऐकू येतो. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या खंडात खानदेशीचा विचार भिल्ल भाषांच्या सोबतीने केलेला आहे. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीहून वेगळी नोंदली गेली असून तिचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक दाखवले आहेत.

हा फरक केवळ अभ्यासकांच्या चर्चेचा नाही. ‘अरे संसार संसार’च्या छापील आणि गायिल्या जाणाऱ्या पाठांत आजही भेद आढळतात. कुठे ‘य’ राहतो, कुठे त्याचा पुन्हा ‘ळ’ होतो. कुठे ‘ले’ तर कुठे प्रमाण मराठीचा ‘ला’. गायक-गायिका आपल्या जिभेला सोयीचे रूप घेतात, पाठ्यपुस्तक वा स्पर्धेची पत्रिका आपल्या पद्धतीने लिहिते. अर्थ बदलत नाही, पण बोलीचा एक एक टाका उसवत जातो. धुळ्याच्या अहिराणी भाषकांना बहिणाबाई आपल्या वाटतात आणि ते स्वाभाविकही आहे, कारण दोन्ही जिल्ह्यांचे शिवार, पिके आणि सणवार एकच आहेत. तरीही गाण्याचा मूळ उच्चार जपायचा तर ते कोणत्या बोलीतले, हे आधी मान्य करावे लागते.

नाव मोठे झाले, पुढे काय?

शासन आणि समाज यांनी बहिणाबाईंची दखल घेतली नाही, असे म्हणता येणार नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतून त्यांची कविता अनेक पिढ्यांनी पाठ केली. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातील वस्तूंचे स्मृतिसंग्रहालय आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे कार्यक्षेत्र असलेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. शाळेत कधीही न गेलेल्या बाईचे नाव आज तीन जिल्ह्यांतील पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर असते.

मात्र बहिणाबाई ज्या परंपरेतून आल्या, ती परंपरा झपाट्याने मावळली आहे. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबरोबर पहाटेच्या ओवीची वेळही गेली. उशिरा का होईना, काही प्रयत्न झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून टप्प्याटप्प्याने उपलब्ध होत आहेत. त्यांतील कित्येक ओव्यांना गाणाऱ्या बाईचा आवाजही जोडलेला आहे. सोपानदेवांच्या वहीत जे मावले नाही, ते तेथे मावले.

खानदेशापुरते पाहिले तर लेवा बोली आणि अहिराणी या दोन्हींत गाणी म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया आजही गावोगाव आहेत. कानबाईच्या उत्सवात, लग्नाच्या हळदीत, अक्षय्य तृतीयेच्या म्हणजेच आखाजीच्या झोक्यांवर ही गाणी अजून म्हटली जातात. ध्वनिमुद्रणाची सोय आता प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आहे. त्यामुळे कागद-पेन्सिल नव्हते, ही सबब उरलेली नाही. त्या म्हाताऱ्या बाईजवळ बसून ऐकणारा कुणी असतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

‘अरे संसार संसार’ आपल्यापर्यंत आले, कारण आसोद्याच्या बाईने ते रचले, मुलाने ते ऐकून लिहिले, संपादकाने ते छापण्याचा आग्रह धरला, संगीतकाराने त्याला चाल दिली आणि गायिकेने ते गायिले. यांतील पहिले काम जिने केले, तिच्यासारख्या बायका खानदेशात त्या काळीही अनेक होत्या. दुसरे काम करणारा मात्र क्वचितच एखाद्या घरात होता. म्हणूनच पुढच्या लग्नात हे गाणे लागेल तेव्हा त्याची सगळी कडवी पुस्तकातून काढून एकदा वाचून पाहावीत. आणि घरात कुणी आजी असेल, तर तिला काय येते, हेही विचारावे.